लिमिट कमी केली म्हणून पत जात नाही

दिवाळीत मामाकडे फराळाला जमलो होतो आणि माझ्या मामेभावाने हळूच फोन पुढे केला. "दादा, हे बघ ना, बँकवाले क्रेडिट कार्डाची लिमिट दोन लाखाची साडेतीन करून देतायत. ओके दाबू ना?" त्याच्या कार्डावर तेव्हा १ लाख ६२ हजार बाकी होती, हे त्याने नंतर सांगितलं, चकल्यांचा डबा अर्धा रिकामा झाल्यावर. मग काय, सगळे तुटून पडले. त्याची बायको म्हणाली कात्री आणते, आत्ताच्या आत्ता काप ते कार्ड. त्याचा एक मित्र आला होता, तो फायनान्सवाल्यांचे रील्स रोज बघतो, तो म्हणाला वेडा आहेस का, लिमिट वाढवूनच घे, युटिलायझेशन, म्हणजे लिमिटमधला वापरलेला वाटा, खाली येतं आणि सिबिल, म्हणजे बँका कर्ज देताना बघतात तो स्कोअर, वर जातो. मामा म्हणाले आमच्या वेळी असलं काही नव्हतं, ते प्रत्येक विषयात हेच म्हणतात. अर्धा तास नुसता आरडाओरडा झाला आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्या हातात काहीही पडलं नाही.

हा वाद मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलाय, लोकलमध्ये ऐकलाय, आणि दर वेळी तो असाच फसतो. एका बाजूला कात्रीवाले, ज्यांना कर्ज म्हणजे माणसाच्या वळणाचा प्रश्न वाटतो, आणि दुसऱ्या बाजूला स्कोअरवाले, ज्यांना तीन आकडी नंबर म्हणजे देव्हाऱ्यातला देव वाटतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. कर्ज फेडत असताना लिमिट वाढवून घ्यायची नाहीच, उलट बाकी उतरेल तशी लिमिट तिच्या मागोमाग खाली आणायची, टप्प्याटप्प्याने, आणि त्यात सिबिल थोडा रुसला तर रुसू द्यायचा. कात्री चालवायची घाईही नको.

आता त्या मित्राचं गणित चुकीचं नाहीये, हे आधी मान्य करायला हवं. २ लाखाच्या लिमिटवर १ लाख ६२ हजार बाकी म्हणजे ८१ टक्के वापर. लिमिट साडेतीन लाख झाली की तीच बाकी ४६ टक्के दिसते, एक रुपया न फेडता. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा हा ठोकताळा सगळे सांगतात आणि त्यात तथ्य आहे, स्कोअर काढताना हा आकडा बघितला जातोच. पण मला सांगा, तो सुधारलेला स्कोअर घेऊन हा माणूस आत्ता जाणार कुठे? होम लोनला? बँकेचा माणूस फक्त स्कोअर बघून फाइल पुढे सरकवत नाही, तो पगारातून आधीच किती हप्ते जातात ते बघतो, आणि बरेच जण कार्डाच्या बाकीचे ५ टक्के दरमहाचा हप्ता म्हणून धरतात. लिमिट वाढवून त्यातला एक पैसाही कमी होत नाही. आरशासमोर पोट आत ओढून उभं राहिलं म्हणून वजन उतरतं का?

आणि तोपर्यंत मीटर चालूच असतं. महिन्याला साडेतीन टक्के दर धरा, हा काही फार वरचा दर नाही, पावणेचार लावणारेही आहेत. १ लाख ६२ हजारावर महिन्याचं व्याज झालं ५,६७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे साधारण १,०२०. एकूण ६,६९० रुपये, म्हणजे दिवसाला सव्वादोनशेच्या आसपास, झोपेत सुद्धा. मिनिमम ड्यू, म्हणजे दरमहा किमान भरायची रक्कम, बाकीच्या ५ टक्के असेल तर ८,१०० भरायचे, आणि त्यातून मुद्दल उतरलं किती, तर १,४१०. माझा मामेभाऊ आठ महिने मिनिमम भरत होता आणि त्याची समजूत होती की आपण हप्ते फेडतोय. वर्षाचा दर काढला तर ४२ टक्के, जीएसटी धरला तर जवळपास ५०. गावाकडचा सावकार हा आकडा ऐकून आधी आपल्या वहीकडे आणि मग आपल्याकडे बघेल. आणि हा दर कुणी खाली आणेल अशी आशा असेल तर तीही सोडा, २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली होती, तो निर्णय सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. दर तुमच्या हातात नाही. पगार वाढवणं तुमच्या हातात असतं तर हे कर्ज झालंच नसतं. राहिली लिमिट, आणि नेमकी तीच आपण जपत बसतो.

लिमिट इतकी महत्त्वाची का, ते कार्डाच्या कर्जाच्या घडणीतच आहे. पर्सनल लोनचा हप्ता भरला की तो गेला, परत मागता येत नाही. कार्डाचं तसं नाही. तुम्ही पाच तारखेला पोटाला चिमटा काढून २० हजार भरता आणि पाच मिनिटांत ॲपमध्ये हिरव्या अक्षरात येतं, उपलब्ध लिमिट ५८ हजार. बघा शब्द कसा आहे, "उपलब्ध". जणू आपलेच पैसे कुणीतरी सांभाळून ठेवले होते. मग बावीस तारखेला पगार संपतो, मुलाच्या क्लासची फी असते, एखादं लग्न असतं, आणि ते २० हजार आले तसे परत जातात. शिवाय ज्याची बाकी पुढे ओढली जातेय त्याला बिनव्याजी मुदत मिळत नाही, नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं. सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे आता वडापावच्या गाडीवरचा क्यूआर स्कॅन केला तरी तो खर्च कार्डावर जाऊ शकतो. वीस रुपयांचा वडापाव ४२ टक्के व्याजाने! पूर्वी निदान कार्ड काढून मशीनमध्ये घालायला लागायचं, तेवढा तरी विचार व्हायचा.

"पण ज्याला शिस्त आहे त्याची लिमिट कितीही असू दे, काय फरक पडतो?" हा स्कोअरवाल्यांचा पुढचा मुद्दा. ऐकायला एकदम पटतो. डेव्हिड ग्रॉस आणि निकोलस सुलेलेस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कार्डधारकांच्या खात्यांवर अभ्यास केला होता, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लिमिट वाढली की कर्ज वाढतं, वाढलेल्या दर डॉलरमागे सरासरी १० ते १४ सेंट, आणि गंमत म्हणजे जे आपल्या लिमिटच्या आसपासही नव्हते त्यांचं सुद्धा वाढलं. आता ते अमेरिकन, आपण वेगळे, असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग आपल्या बँका फुकटात मेसेज पाठवून लिमिट वाढवायला एवढ्या उत्सुक का असतात? २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवता येत नाही, म्हणून तर ते ओकेचं बटण आलं. नियम बनवणाऱ्याला धोका कळला होता, आपण मात्र "अभिनंदन" वाचून हरखतो.

मला वाटतं सगळा गोंधळ "पत" या शब्दात झालाय. आमच्या चिंचवडच्या चाळीखाली एका वाण्याचं दुकान होतं, त्याच्याकडे लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही असायची आणि त्यात बाबांच्या नावाचं पान होतं. पगार सात तारखेला व्हायचा. एकदा कंपनीत टाळेबंदी झाली आणि तीन महिने बाकी मिटली नाही, तेव्हा मी तेलाची बरणी घेऊन गेलो तर त्याने वही उघडली, पानावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "बाळा, बाबांना सांग मागचं थोडं जमा करा, मग तेल नेऊ. तांदूळ-डाळ ने तू." तेल दिलं नाही, पण तांदूळ-डाळ दिली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज वाटतं की त्या माणसाने आमची लिमिट कमी केली आणि आमची पत राखली, कारण बाबांनी नंतर सगळं फेडलं, आणि ते फेडता येईल एवढंच होतं म्हणून फेडलं. पत म्हणजे घेतलेलं परत करणारा माणूस. समोरचा किती द्यायला तयार आहे त्यावर ती ठरायला लागली कधीपासून? आणि हो, तो वाणी काही संत नव्हता, वजनात मारायचा. पण त्याला बाबांचा पगार माहीत होता आणि बाबा बुडाले तर तोही थोडा बुडणार होता.

हे आजचंच आहे असंही नाही. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव आभाळाला टेकले. दख्खनमध्ये पैसा खेळायला लागला आणि सावकार सढळ हाताने कर्ज द्यायला लागले, म्हणजे आजच्या भाषेत रयतेची लिमिट वाढली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यात सरकारने फेरआकारणी करून सारा वाढवला, आणि सावकाराने नेमका तेव्हाच हात आखडता घेतला. त्याच्या आधी १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती, व्याज वर्षानुवर्षं साठत जाऊ नये म्हणून. झालं उलटंच, दर तीन वर्षांनी सावकार जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून नवा रोखा लिहून घ्यायला लागला आणि माणूस नव्या मुद्दलावर नव्याने व्याज भरायला लागला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोक उठले तेव्हा त्यांचा सगळा रोख होता वह्या आणि रोख्यांवर. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला, कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता ते तपासता यायला लागलं. आपल्याकडे दामदुप्पटीचा नियमही होता, की एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही. मला तुलना ताणायची नाही, सुप्याच्या शेतकऱ्याची जमीन जात होती आणि माझ्या मामेभावाचा फोन ईएमआयवर आहे. पण चांगल्या दिवसांच्या अंदाजावर कर्ज वाढवून द्यायचं आणि वाईट दिवस आले की हात काढून घ्यायचा, हा स्वभाव तोच आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये किती जणांची लिमिट बँकांनी आपणहून खाली आणली, आठवतंय?

आणि इथेच मी स्कोअरवाल्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा घेतो, दवाखान्याचा. "उद्या आई आयसीयूत गेली तर? तेव्हा लिमिट नसेल तर काय करशील?" या प्रश्नावर मी थट्टा करणार नाही, मी स्वतः हॉस्पिटलच्या काउंटरवर डिपॉझिटसाठी कार्ड दिलेलं आहे आणि त्या रात्री ते नसतं तर कुणाकुणाला फोन करावे लागले असते याची यादी मनात होती. पण जी लिमिट देणारा कधीही काढून घेऊ शकतो, आणि सगळ्यांवर एकदम संकट आलं की नक्की काढून घेतो, तिच्यावर आईचा भरवसा ठेवायचा? कर्ज फेडत असतानाच २०-२५ हजार वेगळ्या खात्यात बाजूला टाका असं मी सांगतो तेव्हा हिशोबी लोक हसतात, की बचत खात्यावर अडीच-तीन टक्के घ्यायचे आणि तिकडे बेचाळीस भरायचे, हा शुद्ध मूर्खपणा. कागदावर आहेच मूर्खपणा. पण तो पैसा नसला की पहिल्याच पंक्चरला हात कार्डाकडे जातो आणि सहा महिन्यांचं फेडणं वाया जातं, हा हिशोब ते धरत नाहीत. आणि पूर्ण लिमिट काढा असं मी म्हणतच नाहीये.

आता कात्रीवाल्यांकडे येतो, कारण मन माझं त्यांच्या बाजूला आहे पण रीत त्यांची चुकते. प्लास्टिक कापल्याने खातं बंद होत नाही, कार्डाचा नंबर अर्ध्या ॲपमध्ये सेव्ह असतो आणि वर्गणी दर महिन्याला कटत राहते. बाकी असताना खातं बंदही होत नाही. पूर्ण फेडल्यावर मात्र बंद करायचा अर्ज दिला की सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावंच लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा, हाही २०२२ चाच नियम. दुसरी चूक म्हणजे पहिल्याच दिवशी फोन करून लिमिट बाकीएवढीच करून घेणं. १ लाख ६२ हजार बाकी आणि लिमिट १ लाख ६५ हजार, तर पुढच्या बिलात व्याज आणि जीएसटी चढला की तुम्ही लिमिटच्या वर.

म्हणून मी मामेभावाला जे सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी बँकेच्या लिमिटला हात लावू नकोस, आपली लिमिट शून्य कर. २०२० पासून प्रत्येक कार्डाला ही सोय द्यावीच लागते, ॲपमध्ये ऑनलाइन, दुकानातलं मशीन, टॅप करून पैसे, परदेशी व्यवहार, सगळं वेगवेगळं बंद करता येतं किंवा त्याची रक्कम ठरवता येते. सगळं बंद. यूपीआयमधून कार्ड काढ. वर्गण्या डेबिट कार्डावर घे. मग बाकी उतरायला लागली की दर तीस-चाळीस हजाराला बँकेला सांगून मंजूर लिमिट खाली आण, वर वीस-तीस हजाराची जागा ठेवून. बाकी १ लाख २० हजार झाली की लिमिट दीड लाख, नव्वद झाली की १ लाख १५-२० हजार, असं. शेवटी एका महिन्याच्या पगाराच्या आतली लिमिट राहील आणि तेवढी कुणालाही पुरते, दवाखान्याच्या डिपॉझिटला सुद्धा.

यावर कुणीही शहाणा विचारेल की ॲपचं बटण बंदच आहे तर मंजूर लिमिट खाली आणून सिबिल कशाला दुखवायचा? कारण ते बटण तुमच्याच अंगठ्याखाली आहे. रात्री साडेअकराला सेल चालू असतो, बटण दहा सेकंदात परत चालू होतं, मी केलंय. कमी केलेली लिमिट वाढवायला मात्र अर्ज लागतो, दोन-चार दिवस जातात, तोपर्यंत सेल संपलेला असतो. राहिला सिबिल, तर वापराचा टक्का वर राहील आणि स्कोअर काही महिने दबलेला असेल, हे खरं आहे. पण तो टक्का आजच्या बाकीचा असतो, बाकी उतरली की तोही उतरतो. चुकलेला हप्ता मात्र रिपोर्टमध्ये ३६ महिने दिसत राहतो. यातलं कशाला घाबरायचं ते तुम्हीच ठरवा. फक्त एक अपवाद मी मान्य करतो, पुढच्या चार-सहा महिन्यांत घराच्या कर्जाची फाइल लावायची असेल आणि कार्डाची बाकी किरकोळ असेल तर लिमिटला हात न लावता नुसती बटणं बंद ठेवा. १ लाख ६२ हजारवाल्याने हा अपवाद स्वतःला लावून घेऊ नये.

आणि एका ठिकाणी मी अजिबात तडजोड करणार नाही, ते म्हणजे पर्सनल लोन किंवा पतसंस्थेचं कर्ज काढून कार्ड फेडलं तर त्याच दिवशी लिमिट खाली आणणं. असं कर्ज काढायचा सल्ला चांगला आहे, ४२ टक्क्यांचं कर्ज १४-१५ टक्क्यांवर येतं. मी २०१७ मध्ये हेच केलं होतं. १ लाख ४० हजाराचं लोन काढलं, कार्ड एका दिवसात शून्य, त्या संध्याकाळी आम्ही बाहेर जेवायला गेलो आणि बिल कुठल्या कार्डावर दिलं ते विचारू नका. लिमिट दोन लाखाची होती, पूर्ण मोकळी. चौदा महिन्यांनी लोनचा हप्ताही चालू होता आणि कार्डावर ८८ हजारही होते. सुप्याच्या त्या नव्या रोख्यासारखंच झालं, फक्त मी तो स्वतःच्या सहीने, हौसेने लिहून दिला होता. लोनचे पैसे कार्डावर भरल्याच्या दिवशीच लिमिट पाव करून टाकली असती तर? स्कोअर पंधरा-वीस पॉइंट पडला असता कदाचित. ते ८८ हजार फेडायला मला दीड वर्ष लागलं.

मामेभावाने ते ओके दाबलं नाही. गेल्या महिन्यात बाकी १ लाख २१ हजारावर आली तेव्हा लिमिट दीड लाख करायला त्याने फोन लावला, मी शेजारीच बसलो होतो, स्पीकरवर होता. वाढवायला मेसेजमधलं एक बटण पुरत होतं, कमी करायला बावीस मिनिटं लागली. त्या मुलीने तीनदा विचारलं की सर नक्की कमीच करायची ना, मग म्हणाली तुम्हाला प्लॅटिनम अपग्रेडची ऑफर आहे, मग म्हणाली सिस्टममध्ये कारण टाकावं लागेल. हा म्हणाला कर्ज फेडतोय. थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. "सर, लिस्टमध्ये तसा ऑप्शन नाहीये," ती म्हणाली, "'इतर' टाकू का?"